आधी तारा, मग चाके

पश्चिम रेल्वेवर 'एसी लोकल' कधी सुरू झाली, असा प्रश्न विरारच्या एखाद्या शाळेत विचारला तर भराभर हात वर होतील. २५ डिसेंबर २०१७ हे उत्तर बरोबरही आहे. पण विज्ञानाच्या शिक्षकाने तेवढ्यावर समाधान मानू नये. एसी या दोन अक्षरांचा आणखी एक अर्थ आहे : प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह. त्या अर्थाने पाहिले तर चर्चगेट-विरार मार्गावरची प्रत्येक लोकल, अगदी दारात माणसे लोंबकळणारी साधी लोकलसुद्धा, फेब्रुवारी २०१२ पासून एसीच आहे. त्याआधी ती डीसी, म्हणजे दिष्ट प्रवाहावर धावत होती. आणि १९३६ पूर्वी विरारपर्यंत विजेची गाडी येतच नव्हती. कोळसा आणि पाणी यांवर सारा कारभार चाले.

म्हणजे एकाच लोहमार्गाने आपली चालकशक्ती दोनदा बदलली. आज वसई-विरारच्या रस्त्यांवर तसाच बदल सुरू झाला आहे. पेट्रोलच्या स्कूटर आणि मोटारींच्या जागी विजेवर चालणारी वाहने दिसू लागली आहेत. या वाहनांविषयी बोलताना आपण सहसा बॅटरी, किंमत आणि एका चार्जमध्ये किती किलोमीटर, एवढेच विचारतो. गाडीपर्यंत वीज आणणाऱ्या तारेविषयी फारसे कोणी विचारत नाही. विरारच्या रेल्वेचा इतिहास मात्र मुख्यतः तारेचाच इतिहास आहे. तो नीट पाहिला तर रस्त्यावरच्या बदलात पुढे काय अडणार आहे, याचा चांगला अंदाज येतो.

आग गाडीतच

१८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे पहिली उपनगरी गाडी निघाली. मार्ग बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा, ज्याला लोक पुढे 'बी.बी.सी.आय.' म्हणू लागले. सुरुवातीला दिवसाला जाणारी एक आणि येणारी एक, अशी एकच गाडी होती.

वाफेच्या इंजिनाची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ते आपली आग आपल्याबरोबर घेऊन फिरते. भट्टी, बाष्पक, कोळसा आणि पाणी या सगळ्यांचे ओझे ओढूनच ते डबे ओढते. कोळशात असलेल्या ऊर्जेपैकी दहा टक्क्यांहूनही कमी ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचे. बाकी धुराड्यातून आणि वाफेतून हवेत जाई. शिवाय ते वेग सावकाश पकडते. दर दोन-तीन किलोमीटरवर थांबायचे आणि पुन्हा निघायचे असेल तर हा मोठाच दोष. शेवटच्या स्थानकावर इंजिन काढून दुसऱ्या टोकाला नेऊन जोडावे लागे, तो वेळ वेगळा.

पेट्रोलची मोटार याच जातीची आहे. आगीचे ठिकाण बाष्पकाऐवजी सिलिंडरमध्ये, एवढाच फरक. शहरातल्या रहदारीत पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा चाकांना मिळतो. उरलेली उष्णता रेडिएटर आणि धुराची नळी बाहेर टाकतात.

घाटातले पाणी आणि लोकलची तार

विजेच्या गाडीत आग नसते. ती दूर कुठेतरी असते, किंवा आगीऐवजी पडणारे पाणी असते. मुंबईच्या बाबतीत ते पाणी सह्याद्रीत होते.

१९१० साली टाटांनी जलविद्युत कंपनी स्थापन केली. लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधून पावसाचे पाणी साठवायचे, नळांतून ते सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडायचे आणि तिथे जनित्रे फिरवायची, अशी ही योजना. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईला पोहोचली. तिची पहिली गिऱ्हाइके होती कापडगिरण्या. पाठोपाठ १९२२ मध्ये भिवपुरीचे आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले.

आता रेल्वेच्या तारखा यांच्या शेजारी मांडू. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी जी.आय.पी. रेल्वेची पहिली विजेची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेली. बी.बी.सी.आय.ची विजेची गाडी ५ जानेवारी १९२८ पासून बोरिवलीपर्यंत धावू लागली. वसईची खाडी ओलांडून विरारपर्यंत तारा पोहोचायला १९३६ साल उजाडले. दोन्ही रेल्वे कंपन्यांनी वेगवेगळे मार्ग पत्करले होते. जी.आय.पी.ने कल्याणजवळ ठाकुर्लीला स्वतःचे वीजकेंद्र उभारले, बी.बी.सी.आय.ने टाटांकडून वीज विकत घेतली. पण क्रम दोघींचा एकच होता. आधी वीज कुठून येणार हे ठरले, मग उपकेंद्रे आणि खांब उभे राहिले, तारा ताणल्या गेल्या आणि शेवटी गाडी आली.

या विजेची किंमत कोणी दिली, हेही मुलांना सांगायला हवे. भिऱ्याच्या वीजघराला पाणी लागते ते मुळशीच्या धरणाचे. त्या धरणाखाली मावळातली ५२ गावे आणि आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरे जाणार होती. १९२१ पासून तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव यांच्यासारखे कार्यकर्ते त्यात उतरले. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव मिळाले ते याच लढ्यात. लढा तीन वर्षांहून अधिक चालला, आणि हरला. धरण झाले. लोकलचा धूर गेला, यात मुंबईचा आणि पुढे वसईचाही लाभ होता. पण त्या लाभाचा खर्च मुळशीच्या खात्यावर पडला होता.

विरारची वेस

विरारपर्यंत आलेली वीज १,५०० व्होल्टची, दिष्ट प्रवाहाची होती. त्या काळी गाडी ओढण्यासाठी दिष्ट प्रवाहाची मोटरच सर्वांत सोयीची होती. सुरुवातीला मोठा जोर देणारी आणि वेग आवरायला सोपी. म्हणून वीजघराकडून येणारा प्रत्यावर्ती प्रवाह वाटेतल्या उपकेंद्रांत दिष्ट करून तारेत सोडत.

पुढे फ्रान्समध्ये २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर गाड्या चालवण्याचे प्रयोग यशस्वी झाले. १९५७ साली भारतीय रेल्वेनेही पुढच्या विद्युतीकरणासाठी हीच पद्धत स्वीकारली. १९७० च्या दशकात विरारच्या उत्तरेकडच्या मार्गावर तारा आल्या त्या २५,००० व्होल्टच्या. दक्षिणेकडे मात्र १,५०० व्होल्टच राहिले. अशा रीतीने विरार ही दोन वीजपद्धतींमधली वेस झाली. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी दोन्ही प्रवाहांवर चालणारी खास इंजिने बांधावी लागली. १९७५ पासून ती या मार्गावर आली. वेशीवर तारेचा एक लहानसा तुकडा मुद्दाम निर्जीव ठेवलेला असे. चालक इंजिनाचा पुरवठा तोडी, गाडी आपल्या वेगाने तो तुकडा पार करी आणि पलीकडे दुसऱ्या पद्धतीची वीज घेई.

व्होल्ट वाढवण्याचा एवढा आग्रह कशासाठी? हे गणित नववी-दहावीच्या वर्गात सहज करता येते. समजा, एक लोकल निघताना ३,००० किलोवॅट शक्ती मागते. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले प्रवाह. १,५०० व्होल्टवर त्यासाठी २,००० अँपिअर प्रवाह लागेल. २५,००० व्होल्टवर १२० अँपिअर पुरतील. (प्रत्यावर्ती प्रवाहातले बारकावे आपण इथे सोडून देऊ.) तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तार तीच ठेवली तर दोन्ही स्थितींतल्या नुकसानात सुमारे २७८ पटींचा फरक पडेल! प्रत्यक्षात प्रवाह कमी झाला की तारही बारीक वापरता येते, त्यामुळे एवढा फरक उरत नाही. पण दिशा कळते. दिष्ट प्रवाहाच्या मार्गावर दर काही किलोमीटरवर उपकेंद्र लागते. २५,००० व्होल्टच्या मार्गावर दोन उपकेंद्रांत कित्येक दशक किलोमीटरांचे अंतर चालते.

विरारची वस्ती वाढत गेली. डबे वाढले, फेऱ्या वाढल्या आणि जुन्या तारांना तो भार पेलेना. गाड्या आणखी हव्यात असे सगळेच म्हणत होते. पण तारेतून आणखी वीज मिळाल्याशिवाय नव्या गाड्या आणून उपयोग नव्हता. मग अख्खी पद्धतच बदलायचे ठरले. हे काम चालत्या मार्गावर, रात्रीच्या थोड्या तासांत करायचे होते. २५,००० व्होल्टची तार आणि पूल यांत अधिक अंतर लागते, म्हणून काही जुन्या पुलांखाली रूळ खाली घ्यावे लागले. प्रत्यावर्ती प्रवाहामुळे शेजारच्या तारांत वीज प्रवर्तित होते, म्हणून सिग्नल आणि दूरध्वनीच्या वाहिन्या बदलाव्या लागल्या. २००७ पासून दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या लोकल आल्या, कारण बदल पूर्ण होईपर्यंत अर्धा मार्ग एका पद्धतीचा आणि अर्धा दुसऱ्या पद्धतीचा राहणार होता. टप्प्याटप्प्याने पुढे सरकत ५ फेब्रुवारी २०१२ रोजी चर्चगेटपर्यंतचे काम संपले. प्रवाशांपैकी फार थोड्यांना त्या दिवशी काही वेगळे घडल्याचे जाणवले असेल. चांगल्या कामाची ती एक खूणच आहे.

नव्या गाड्या ब्रेक लावताना मोटरचेच जनित्र करतात आणि थोडी वीज तारेला परत देतात. वाफेच्या इंजिनाला हे कधीच जमले नसते. जळलेला कोळसा परत मिळत नाही. विजेवरची स्कूटर आणि मोटार हीच युक्ती वापरते, फक्त परत मिळालेली वीज बॅटरीत ठेवते.

खाडीच्या अलीकडे, खाडीच्या पलीकडे

तारा आल्या म्हणजे वीज सर्वांना सारखी मिळते असे नाही. आजच्या पालघर जिल्ह्याइतके याचे चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. देशातले पहिले अणुवीजकेंद्र १९६९ पासून तारापूरला आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून डहाणूला ५०० मेगावॉटचे कोळशावरचे वीजकेंद्र आहे. त्याची वीज मुख्यतः मुंबईच्या उपनगरांसाठी, उच्च दाबाच्या वाहिन्यांतून दक्षिणेला जाते. चिकू-वाड्यांच्या त्या भागात हे केंद्र नको म्हणून लोकांनी न्यायालयात लढा दिला होता. मुळशीचा प्रश्नच दुसऱ्या रूपात पुन्हा उभा राहिला होता.

आणि २००० नंतरच्या दशकात राज्यात विजेचा तुटवडा होता, तेव्हा वसई-विरारमध्ये भारनियमन होई. खाडीपलीकडे भाईंदरला पुरवठा मुंबईच्या उपनगरांसारखाच खासगी कंपनीचा, तर अलीकडे आधी राज्य वीज मंडळाचा आणि २००५ नंतर महावितरणचा. मुंबईला भारनियमनातून वगळलेले होते. अंधारात बुडालेल्या वस्तीजवळून दिव्यांनी उजळलेली लोकल निघून जाताना तेव्हाच्या अनेकांनी पाहिली आहे. रेल्वेची तार वेगळी, घराची तार वेगळी.

मोठ्या जाळ्यातही दुबळे दुवे असतात. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळवा-पडघे भागातल्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांवरचा बिघाड वाढत गेला आणि मुंबई व परिसर अंधारला. लोकल जागच्या जागी थांबल्या. शहरात बाहेरून वीज आणणाऱ्या वाटाच अपुऱ्या होत्या. खारघर-विक्रोळी ही आणखी एक वाट अनेक वर्षे कागदावर रेंगाळून २०२३ मध्ये सुरू झाली. एक मोटार कारखान्यात काही तासांत जोडून होते. एक वाहिनी मात्र जागा, परवानग्या, खारफुटी आणि शेतकऱ्यांचा मोबदला यांतून वाट काढत यायला दहा वर्षेही घेते.

पेट्रोलपंप आणि घरचा प्लग

आता रस्त्याकडे येऊ. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. पंपावर दोन मिनिटांत ३० लिटर पेट्रोल भरले, तर दोन मिनिटांत २७० युनिट गाडीत आले. त्यांतले पाचातले चार भाग वाया जाणार आहेत असे धरू. तरीही ५४ युनिट कामाचे. तेवढी वीज दोन मिनिटांत द्यायची तर १,६०० किलोवॅटहून मोठा पुरवठा लागेल. घरचा जाड प्लग सुमारे ३ किलोवॅट देतो. त्याला हेच काम करायला १८ तास लागतील.

हे आकडे पाहून विजेची मोटार अशक्य वाटेल. पण रोजची गरज वेगळी असते. मोटार एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. दिवसाला ३० किलोमीटरचा प्रवास म्हणजे पाचेक युनिट. एक वातानुकूलन यंत्र काही तास चालवावे इतकेच. ऊर्जा फार लागत नाही. अडचण असते ती सर्वांनी ती एकाच वेळी मागण्याची.

गल्लीच्या कोपऱ्यावर जाळीच्या कुंपणात उभा असलेला ट्रान्सफॉर्मर, म्हणजे रोहित्र, आपण रोज पाहतो. त्याच्यावर १००, २०० किंवा ३१५ असा केव्हीएचा आकडा असतो. त्याच्या वेटोळ्यांतही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता निर्माण होते. संध्याकाळी दिवे, पंखे, वातानुकूलन, इस्त्री सगळे एकदम चालू असते. मध्यरात्रीनंतर भार उतरतो आणि ते निवते. समजा, त्याच्यावर शंभर घरे आहेत आणि त्यांतल्या ३० घरांनी कामावरून येताच मोटार प्लगला लावली. रात्री नऊ वाजता ९० किलोवॅटचा भार अचानक वाढेल. त्याच ३० मोटारी रात्रभरात पाळीपाळीने चार्ज झाल्या तर सरासरी भार जेमतेम १७-१८ किलोवॅट राहील. रोहित्र तेच आणि गाड्याही त्याच, पण पहिल्या घरांचे दिवे जातील आणि दुसऱ्यांचे राहतील.

चार्जिंगच्या सुरक्षिततेचा प्रश्नही आहे. २०२२ साली वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन एक लहान मुलगा दगावला. रेल्वेने आपली उपकेंद्रे वस्तीपासून कुंपणाआड ठेवली आणि त्यांच्यावर शिकलेली माणसे नेमली. स्कूटरच्या बाबतीत हे सारे आपण बैठकीच्या खोलीतल्या प्लगवर सोपवले आहे. मोकळी हवेशीर जागा, योग्य चार्जर आणि चांगली अर्थिंग या गोष्टी वाहनाबरोबरच यायला हव्यात.

स्टेशनबाहेरच्या स्कूटर

वसई, नालासोपारा, विरार या स्थानकांबाहेर सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत दुचाकींच्या रांगा उभ्या असतात. त्या दिवसभर काहीच करत नाहीत. त्या विजेवरच्या झाल्या तर काय होईल, याचे गणित मुलांकडून करून घ्यावे.

समजा अशा १,००० स्कूटर आहेत. घर ते स्थानक आणि परत मिळून प्रत्येकीचे १२ किलोमीटर होतात. स्कूटर एका युनिटमध्ये ३० किलोमीटर सहज जाते, म्हणून रोज अर्ध्या युनिटहूनही कमी वीज पुरेल. ती अर्धा युनिट धरू. सगळ्यांनी रात्री घरी येऊन ७०० वॅटचा चार्जर एकदम लावला तर ७०० किलोवॅटचा भार पडेल, आणि तोही संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेच्या तोंडावर. तीच वीज वाहनतळावर दिवसाच्या आठ तासांत हळूहळू दिली तर एकूण भार सुमारे ६३ किलोवॅट. एका लहान रोहित्राचे काम! शिवाय दिवसा सूर्यापासून मिळणारी वीज भरपूर असते. आज जाळ्याला दुपारी वीज जास्त आणि संध्याकाळी कमी पडण्याची अडचण वाढत आहे. त्या अडचणीवर या उभ्या स्कूटर हा थोडासा उपायच ठरतील. ज्यांच्या चाळीत किंवा इमारतीत प्लग लावायला जागाच नाही, अशांनाही त्यामुळे विजेचे वाहन घेता येईल.

पण हे आपोआप होणार नाही. रेल्वे आणि रस्ता यांत एक महत्त्वाचा फरक आहे. रेल्वेत गाडी आणि तार एकाच मालकाची होती. नव्या लोकल केव्हा आणायच्या आणि तारा केव्हा बदलायच्या, हे एकाच कचेरीत ठरत होते. तरीही विरारला वाफेपासून विजेकडे आणि डीसीपासून एसीकडे यायला अनेक वर्षे लागली. रस्त्यावर स्कूटर माझी, रोहित्र महावितरणचे, वाहनतळ महापालिकेचा किंवा रेल्वेचा, इमारतीतली वायरिंग सोसायटीची. चाकांचा निर्णय हजारो माणसे आपापल्या घरी घेतात. तारांचा निर्णय मात्र कोणीतरी एकत्र बसून, आधीच घ्यावा लागतो. राज्याच्या २०१८, २०२१ आणि २०२५ च्या विद्युत वाहन धोरणांत सवलती आणि चार्जिंग केंद्रे यांचा विचार आहे. तो विचार गल्लीतल्या रोहित्रापर्यंत पोहोचतो का, हे पाहायला हवे. आणि जास्तीची वीज कोणाच्या शेताशेजारून, कोणाच्या जमिनीवरून येणार आहे, तेही.

शेवटी वर्गासाठी एक काम. विद्यार्थ्यांनी आपल्या गल्लीतल्या रोहित्रावरचा केव्हीएचा आकडा कुंपणाबाहेरूनच वाचावा. जवळ जाऊ नये, हात तर मुळीच लावू नये. त्यावर अंदाजे किती घरे आहेत, त्यांत दुचाकी किती आणि मोटारी किती, हे मोजावे. यांतली निम्मी वाहने विजेची झाली, तर एकाच वेळी चार्ज केल्यास किती भार येईल आणि वेळा वाटून घेतल्यास किती, याचा तक्ता करावा. मग तो तक्ता सोसायटीच्या सभेत मोठ्यांपुढे ठेवावा. मोठ्यांनी नवी गाडी घ्यायच्या आधी पाहावी, अशी ती गोष्ट आहे.